संशयाची किंमत

दुसऱ्याने वापरलेली मोटार तिसऱ्याने विकत घ्यावी की नाही, याचा निर्वाळा देण्यावर ज्याचा चरितार्थ वर्षानुवर्षे चालला, त्याचा स्वभाव हळूहळू संशयी होत जातो. किंबहुना त्याने संशयी असावे एवढ्यासाठीच लोक त्याला मेहनताना देत असतात. पुण्यात मी हा व्यवसाय पत्करला, तेव्हा संशयाची शहानिशा करायला लागणारे साक्षीदार गाडीतच मुबलक असत. सकाळी थंड इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहिला, तेलाचे झाकण उघडून आतला साका बोटावर घेतला, क्लच कोठे धरतो हे पायाने अजमावले आणि एखाद्या चढावर गाडी दमते की नाही हे कानाने ऐकले, म्हणजे विक्रेत्याच्या कैफियतीपैकी किती भाग ग्राह्य धरावा याचा अंदाज बांधता येई. विजेच्या मोटारी बाजारात आल्या आणि हे सारे साक्षीदार एकाएकी मुके झाले. धूर नाही, इंजिनचे तेल नाही, क्लच नाही, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाजही नाही. ज्या वस्तूवर गाडीचे मोल प्रामुख्याने अवलंबून, ती बॅटरी गाडीच्या तळाशी मोहोरबंद पेटीत बसलेली, आणि तिच्या प्रकृतीविषयी आपल्याला मिळणार तो पडद्यावरचा एक आकडा.

त्यामुळे गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा प्रश्न जवळपास एकच असतो : गाडी स्वस्त मिळते आहे, पण ती भरवशाची आहे का? या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देण्याचे मी आता सोडून दिले आहे. टाळाटाळ करावी असा त्यामागे हेतू नाही. भरवसा हा एकट्या गाडीचा गुण नसून गाडी, तिची हमी, तिची कार्यशाळा आणि ती घेणारे घर या चौघांच्या संयोगातून तो निर्माण होतो, हे अनेक व्यवहार जवळून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले आहे.

याचा पहिला धडा मला आजच्या गाड्यांच्या फार पूर्वी मिळाला. बंगळूरमध्ये तयार झालेली ‘रेवा’ ही चिमुकली मोटार २००१ साली बाजारात आली. तिचे बाह्यांग प्लास्टिकचे असल्यामुळे त्याला गंज चढत नसे, आणि तिच्यात शिशाच्या आम्ल-बॅटऱ्यांचा संच असे. काही वर्षांनी अशा एकदोन गाड्या मूल्यमापनासाठी माझ्यासमोर आल्या. रंग शाबूत, आसने शाबूत, चाके शाबूत. परंतु बॅटऱ्यांनी मान टाकलेली, आणि नव्या संचाला लागणारा खर्च गाडीला बाजारात येणाऱ्या किमतीच्या आसपास पोचलेला. पेट्रोलच्या गाडीत सगळे अवयव कमीअधिक प्रमाणात बरोबरीने म्हातारे होतात. विजेच्या गाडीत देह आणि बॅटरी यांचे वय वेगवेगळ्या गतीने वाढते, आणि खरेदीदाराच्या डोळ्यांना दिसते ते केवळ देहाचे वय.

खरी वर्दळ सुरू झाली ती २०२० नंतर. त्या वर्षीच्या जानेवारीत टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ आणि एमजीची ‘झेडएस ईव्ही’ या गाड्या विक्रीस आल्या. पैकी पहिलीत ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे घरच्या भाषेत तितक्या युनिटांची, बॅटरी होती आणि बॅटरी व मोटर यांना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतची हमी होती. या पहिल्या पिढीतल्या गाड्या तीनचार वर्षांनी दुसऱ्या मालकाच्या शोधात बाहेर पडल्या आणि त्यांच्या किमती पाहून लोक चकित झाले. इतकी घसरण ज्या अर्थी होते, त्या अर्थी गाडीत काहीतरी खोट असलीच पाहिजे, असा तर्क सामान्यतः केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ‘नेक्सॉन ईव्ही’ याच नावाच्या गाडीत २०२२ साली ४०.५ युनिटांची आणि २०२४ साली ४५ युनिटांची बॅटरी येऊ लागली, शिवाय २०२४ मध्ये नव्या गाड्यांच्या किमतीही कंपन्यांनी उतरवल्या. तेव्हा जुनी गाडी स्वस्त झाली ती काही अंशी नवी गाडी मोठ्या पल्ल्याची आणि आवाक्यातली झाली म्हणून. वस्तू मागे पडणे आणि वस्तू नादुरुस्त असणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कारणाने उतरलेली किंमत हा खरेदीदाराचा लाभ असतो आणि दुसऱ्या कारणाने उतरलेली किंमत हा सापळा. माझे निम्मे काम या दोहोंतला भेद दाखवण्यात जाते.

लोकांच्या मनातली सर्वांत मोठी भीती आगीची. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या, सरकारने चौकशी बसवली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके अधिक कडक झाली. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप पाहता, मालकाला जेरीस आणणारी गोष्ट आग नसून गाडी रस्त्यात निमूटपणे थांबणे आणि नंतर आठवडेच्या आठवडे कार्यशाळेत पडून राहणे ही आहे.

या थांबण्याचेही प्रकार आहेत. सरकारी सेवेतल्या एका बाईंची गाडी कात्रजच्या बोगद्याअलीकडे बंद पडली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इशारा, मागे वाहनांची रांग, शेवटी टोचन करून गाडी न्यावी लागली. बाईंनी धसका घेतला आणि येईल त्या किमतीला गाडी काढून टाकण्याचे ठरवले. ती घेऊ इच्छिणारा तरुण मला विचारायला आला. मी त्याला सांगितले, की विक्रेत्याच्या आठवणीपेक्षा कार्यशाळेचे दफ्तर अधिक विश्वसनीय असते. तेव्हा आधी सगळी जॉबकार्डे मागून घे. ती आली आणि उलगडा झाला. बिघाड तळाच्या मोठ्या बॅटरीत नव्हताच. दिवे, कुलपे आणि नियंत्रणाची यंत्रणा जागी करणारी जी बारा व्होल्टची साधी बॅटरी प्रत्येक विजेच्या गाडीत असते, ती मेली होती, आणि ती मेली म्हणजे तीनशे व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीला जाग येत नाही. ती बदलल्यापासून एकही तक्रार नोंदलेली नव्हती. गाडी घ्यावी असा सल्ला मी दिला, आणि ती आजही बिनतक्रार धावते आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण एका वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पाहिले. गाडी इतकी नितळ, की धुळीचा कण सापडू नये; पडद्यावर एकही इशारा नाही. परंतु इशारे यंत्र लावून क्षणात पुसता येतात, आणि कार्यशाळेचे दफ्तर तसे पुसता येत नाही. त्या दफ्तरात उच्च दाबाच्या यंत्रणेत दोष असल्याची एकाच शब्दांतली तक्रार एका पावसाळ्यात तीनदा नोंदलेली आढळली, आणि तिन्ही वेळा त्यासमोरचा शेरा एकच : सॉफ्टवेअर अद्ययावत केले. कारण कोणालाच सापडलेले नव्हते. माझ्या अशिलाला गाडी फार आवडली होती; तरी मी नको म्हणालो. ज्याचे कारण सापडले असा मोठा बिघाड मी मान्य करतो. ज्याचे कारण सापडले नाही असा लहान बिघाड मान्य करीत नाही. हा नियम मला या व्यवसायाने शिकवला आणि तो मोडण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

आता बॅटरीच्या प्रकृतीविषयी. कार्यशाळेतून तिच्या आरोग्याचा टक्का लेखी मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा; पण त्याची रुजवात स्वतः करावी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम पेशी असतात. त्या दीर्घायुषी असल्या, तरी भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या अवस्थेत त्यांचा विद्युत्दाब जवळजवळ सारखाच राहत असल्यामुळे मधल्या टप्प्यात किती साठा शिल्लक आहे हे यंत्रालाही अंदाजानेच सांगावे लागते, आणि अधूनमधून गाडी पूर्ण भरली नाही तर तो अंदाज चुकत जातो. म्हणून मी गाडी आदल्या रात्री शंभर टक्के भरून घेतो, सकाळी पुण्याहून निघून खंबाटकी घाट ओलांडून परत फिरतो आणि साठा वीस टक्क्यांवर येईपर्यंत किलोमीटर मोजतो. जाऊन येऊन तोच रस्ता असला म्हणजे चढाला गेलेली वीज काही प्रमाणात उताराला परत मिळते आणि हिशेब फारसा कोणाच्या बाजूला झुकत नाही. पुण्याच्याच एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेला ३१२ किलोमीटरांचा पल्ला त्या पहिल्या ‘नेक्सॉन’कडून महामार्गावर मिळेल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, तो प्रयोगशाळेच्या शिस्तीतला आकडा आहे. दोनशेच्या आगेमागे पल्ला मिळत असेल तर मी समाधान मानतो.

त्याहून महत्त्वाची दुसरी कसोटी परत आल्यावर घ्यायची. वीस टक्क्यांपासून शंभरपर्यंत गाडी पुन्हा भरायला घरच्या मीटरवर किती युनिटे पडली ते लिहून ठेवायचे. भरताना दहाबारा टक्के वीज वाया जाते हे धरले, तर ३०.२ युनिटांची बॅटरी नवी असताना सव्वीस-सत्तावीस युनिटे घेईल. चार वर्षांच्या निरोगी गाडीने चोवीस-पंचवीस घ्यावीत. आणि ती एकवीसवरच ‘पोट भरले’ म्हणू लागली, तर पडद्यावरचा टक्का काहीही सांगो, साठा आक्रसला आहे असे समजावे. तिसरी खूण वाटेतच दिसते : पस्तीस टक्क्यांपर्यंत सावकाश उतरणारा आकडा जर एकदम पंधरावर कोसळला, तर शेकडो पेशींपैकी एखादी दुर्बळ पेशी साऱ्या संचाला मागे ओढत असण्याचा संभव असतो. या परीक्षेला एक दिवस लागतो. एक दिवस गाडी द्यायला जो विक्रेता राजी होत नाही, त्याने माझे काम विनासायास केले असे मी मानतो.

कित्येकदा पुरावा इतका सूक्ष्म नसतो. खासगी विजेच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवीच, पण अक्षरे पिवळी. एका सद्गृहस्थांनी पसंत केलेल्या गाडीवर पांढरी अक्षरे होती, मात्र नोंदणीच्या तपशिलात पूर्वी ती व्यावसायिक वर्गात असल्याचे दिसले. भाड्याची गाडी दिवसाकाठी पुष्कळ धावते, महामार्गावरच्या जलद चार्जरवर पुनःपुन्हा भरली जाते, आणि खासगी वापरासाठी दिलेली हमी तिला त्याच अटींवर लागू असेलच असे नाही. गाडी वाईट होती असे मी म्हणत नाही. परंतु मागितलेली किंमत शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीची होती.

पाण्याचा विषय मात्र गंभीर आहे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याच्या परिसरात नदीचे पाणी शिरले आणि इमारतींच्या तळघरांतली वाहने बुडाली. त्यानंतरच्या महिन्यांत बाजारात आलेल्या काही गाड्यांच्या किमती आश्चर्यकारक होत्या. बॅटरीची पेटी पाण्याला दाद देत नाही हे खरे; पण ती काही वेळ पाण्यात राहिल्याचा विचार करून बांधलेली असते, गाळात दोन दिवस मुक्काम करण्यासाठी नव्हे, आणि जोडण्यांत शिरलेला ओलावा आपले काम सहा महिन्यांनीही सुरू करतो. मी पुढच्या आसनाखालचे रूळ, सीटबेल्टचा पूर्ण बाहेर ओढलेला पट्टा आणि पायाखालच्या गालिच्याची उलटी बाजू पाहतो. सफाई करणाऱ्याचा हात सहसा तिथवर पोचत नाही. गाळ सापडला की गाडी कितीही स्वस्त असो, परीक्षा तेथेच संपते. नारिंगी आवरणाच्या जाड वायरींना तर खरेदीदाराने कुतूहलानेही हात लावू नये; तो उच्च दाबाचा प्रदेश आहे आणि तेथे प्रशिक्षित माणसाचेच काम.

यंत्र तपासून झाले की दस्तऐवज. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाच्या नावे हस्तांतरित होते का, कोणत्या अटींवर, आणि मागच्या मालकाने एखादी नियतकालिक सेवा चुकवल्यामुळे ती बाद तर झालेली नाही ना, हे कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून लेखी घ्यावे. कारण ‘आजीवन’ म्हणून गाजवलेली हमी पुष्कळदा केवळ पहिल्या मालकाच्या आयुष्यापुरती असते. बॅटरी हमीखाली बदलून मिळाली आहे असे ऐकून काही जण बिचकतात आणि काही जण हुरळतात. दोन्ही अनाठायी आहे. बदललेल्या संचाचा फायदा निश्चित, पण त्याला बहुधा मूळ हमीची उरलेली मुदतच मिळते, नवी आठ वर्षे नव्हेत. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आणि मालकी हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने या बाबी पेट्रोलच्या गाडीसारख्याच. एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे : नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी विजेची गाडी विकली, तर त्याला तिच्यातल्या नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो, खासगी माणसाने खासगी माणसाला विकली तर तो लागत नाही. व्यापाऱ्याच्या किमतीत हा कर मुरलेला असतो, हे घासाघीस करताना विसरू नये.

इतके सगळे निर्दोष निघाले तरी शेवटचा प्रश्न उरतो, आणि तो गाडीविषयी नसून घराविषयी असतो. कोथरूडमधले एक निवृत्त दांपत्य चार वर्षांची गाडी घेऊ पाहत होते. रोजचे फिरणे पंधरा-वीस किलोमीटर, इमारतीत स्वतःची जागा आणि तेथे स्वतःच्या मीटरची जोडणी, मुलाची दुसरी मोटार त्याच वाहनतळात, अधिकृत कार्यशाळा शहरातच. त्याच महिन्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर आले. त्यांनी निवडलेली गाडी माझ्या सर्व कसोट्यांना त्या दांपत्याच्या गाडीपेक्षा अधिक चांगली उतरली होती. परंतु त्यांच्या गावापासून विजेच्या गाडीचे काम जाणणारी कार्यशाळा शंभरावर किलोमीटर दूर, घरात दुसरे चारचाकी वाहन नाही, आणि रात्री-अपरात्री रुग्णाकडे जाणे हा त्यांचा धर्म. दांपत्याला मी घ्या म्हणालो आणि डॉक्टरांना नको म्हणालो. डॉक्टर थोडे नाराज झाले. ‘गाडीत दोष काय, ते सांगा,’ असा त्यांचा आग्रह होता. दोष नव्हता. पण सुटा भाग यायला तीन आठवडे लागले, तर ते तीन आठवडे दांपत्याला गैरसोयीचे गेले असते आणि डॉक्टरांना परवडलेच नसते. बिघाडाची शक्यता दोघांना सारखी होती. बिघाडाची किंमत सारखी नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हाच हिशेब मांडायला लावतो. संशय नाहीसा करता येत नाही, मात्र त्याला किंमत लावता येते. हमी संपल्यावर चार्जिंगच्या यंत्रणेचा किंवा बॅटरीच्या एका भागाचा खर्च किती येतो, याचा अंदाज कार्यशाळेकडून लेखी मागावा. हमीची जितकी वर्षे उरली असतील तितकी ती रक्कम हलकी धरावी. गाडी महिनाभर नसली तर भाड्याच्या वाहनाला काय लागेल तेही त्यात मिळवावे. आणि ही सारी बेरीज मागितलेल्या किमतीत घालून मग पेट्रोलच्या जुन्या गाडीशी तुलना करावी. दुसऱ्या पारड्यात इंधनाची बचत घालावी. घरच्या विजेवर एका युनिटात सहासात किलोमीटर जाता येते, तेव्हा ज्याचे धावणे पुष्कळ, त्याला ही बचत दोनतीन वर्षांत संशयाची किंमत फेडून देते. ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते, त्याला ती कधीच फेडत नाही. मजा अशी की कमी वापराची माणसेच ‘आपल्याला पल्ला कमी चालेल’ म्हणून या स्वस्त गाड्यांकडे वळतात. त्यांना पल्ला खरोखरच चालतो, पण फायदा मिळत नाही. कोथरूडच्या दांपत्यालाही मी हे सांगितले होते. त्यांनी गाडी घेतली ती क्लचशिवाय, शांतपणे चालवता यावी म्हणून, आणि ते कारण पैशाच्या हिशेबाइतकेच रास्त होते.

माझा निर्वाळा थोडक्यात असा. बॅटरीची हमी निदान तीन वर्षे शिल्लक आहे आणि ती आपल्या नावे होते. गाडी लावायच्या जागी स्वतःची वीज आहे. जाणती कार्यशाळा आपल्याच शहरात आहे. आणि गाडी महिनाभर नसली तरी घर अडत नाही, या चार गोष्टी जुळत असतील आणि दफ्तरात अनुत्तरित तक्रार नसेल, तर वापरलेली विजेची गाडी निःशंकपणे घ्यावी. चारांपैकी एक नसेल, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी. दोन नसतील, तर पेट्रोलची गाडी घ्यावी आणि दोनचार वर्षांनी पुन्हा विचार करावा.